यजमान उठेपर्यंत

४ तारीख, सोमवार

आले एकदाची. गाडीत शेजारचा माणूस सबंध वाट माझ्या खांद्यावर मान टाकून घोरला आणि उतरताना मलाच विचारतो, आजी, झोप नीट झाली ना. त्याला म्हटलं, तुझी झाली तेवढी दोघांना पुरे.

लेक स्टेशनावर आली होती. तिला इथल्या सरकारी बंगल्यात नोकरी लागली आहे. सगळे त्याला मोठा बंगला म्हणतात. तिथली चांदीची भांडी, काटे-चमचे, टेबलावरची कापडं, सगळी तिच्या ताब्यात. राहायला मागच्या अंगाला दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. जावई बोटीवर, वर्षातून एकदा उगवतो. पोरीकडे बघायला कुणी नाही, म्हणून मला बोलावणं. नुसती आठवण आली म्हणून बोलावलं असतं तर मला धडकीच भरली असती.

नातीचं शाळेतलं नाव मोठं झोकदार आहे, पण घरात सगळे भिंगरीच म्हणतात. पोरगी एका जागी ठरत नाही. जेवायला बसली तर हात ताटात आणि पाय दारात. ही वही तिनेच दिली. आजी, तू रोज लिही, मी रोज तपासणार, म्हणाली. लाल पेन्सिल फ्रॉकच्या खिशात घेऊनच हिंडते. मी शाळेत गेले चौथीपर्यंत, तीही घरात काम नसेल त्या दिवशी. तेव्हा लाल पेन्सिल लवकरच झिजणार.

येताना टॅक्सी मोठ्या बंगल्यासमोरून आली. भर दुपार होती. कुंपणाच्या गजांना नाक लावून माणसं उभी होती. आत कुणाला सोडत नाहीत, म्हणून बाहेरूनच बघायचं. खालच्या मजल्यावर लांब खिडक्यांची ओळ, आणि त्यांत ओळीने डोकी दिसत होती, पंगतीला बसल्यासारखी. मी लेकीला म्हटलं, तुझे साहेब लोक जेवतायत वाटतं. ती हसली. म्हणाली, आई, तिथं कित्येक वर्षं कुणी राहत नाही. त्या खुर्च्यांच्या पाठी आहेत. सगळं गाव फसतं, तूही फसलीस.

बरं बाई, फसले.

५ तारीख, मंगळवार

खोल्या कोरड्या आहेत, नळाला पाणी आहे, चूल एका फटक्यात पेटते. आणखी काय हवं. मोरीचा दगड तेवढा हलतो. लेकीला सांगितलं, तर म्हणे बघू. मी काही सांगितलं की या घरात बघू म्हणतात. जन्मभर हेच. नवऱ्याने ऐकलं नाही, लेकीने ऐकलं नाही, आता ही भिंगरी. सकाळपासून बस म्हणून ओरडतेय, पोरगी खांबाभोवती गोल गोल. घसा बसला, पोरगी बसली नाही.

दुपारी मोठ्या बंगल्यातला म्हातारा वाढपी चहाला आला. हातात पांढरे हातमोजे, चहा पितानाही काढत नाही. मी त्याचं नाव हातमोजेच ठेवलं. पंगती बंद झाल्या तरी याला ठेवून घेतलंय, कारण टेबल कसं मांडायचं ते याच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. रविवारपासून बंगला लोकांना बघायला उघडणार. जुनी मेजवानी मांडली होती तशीच मांडून दाखवणार. काटे आहेत, चमचे आहेत, पेले आहेत, फक्त अन्न नाही. म्हटलं, छान, माझ्या सासरची आठवण आली.

हातमोजे कमी बोलतो, पण मी दोघांचं बोलते. खोदून खोदून विचारल्यावर त्याने तिथली एक रीत सांगितली. यजमानासमोर एकही खुर्ची रिकामी राहता कामा नये. ऐनवेळी पाहुणा आला नाही, तर कचेरीतला एखादा कारकून धरून आणायचा, कोट चढवायचा आणि बसवून द्यायचा. त्याला भरतीचा पाहुणा म्हणायचे. हातमोजे स्वतः तरणेपणी एकदा तसा बसला होता, कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत आलेल्या. चांगला आडवा हात मारत होता, तेवढ्यात खरा पाहुणा उशिराने आला, मागून याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि हा घास तोंडात ठेवूनच उठला. जागा घेणारा आला तरच उठायचं. नाहीतर यजमान उठेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही.

मी विचारलं, आणि मध्येच कुणाला लागली तर.

तो गंभीरपणे म्हणाला, दाबून ठेवायची.

भिंगरी हसून हसून लोळली.

७ तारीख, गुरुवार

आज मोठा बंगला आतून पाहिला. लोकांना उघडण्याआधी नोकरांच्या घरच्यांना दाखवला. चपलांवर कापडी पिशव्या बांधल्या. जिना एवढा रुंद की आमची सगळी गल्ली आडवी झोपेल. भिंतीवर मोठमोठ्या साहेबांच्या तसबिरी, सगळ्यांचे चेहरे बूट चावत असल्यासारखे. काचेचं झुंबर बघून बाकीचे अहाहा करत होते. मी विचारलं, हे पुसतं कोण. माहिती सांगणारी मुलगी नुसती हसली. तिला ठाऊक नव्हतं. पाठ केलेलं तेवढं बोलायची.

जेवणघर सगळ्यात शेवटी. हे लांब टेबल, त्यावर पांढरं कापड, ताटल्या, पेले, घड्या केलेले हातरुमाल. लेकीने काम झकास केलंय, पण तिच्या तोंडावर म्हटलं नाही, उगाच चढायची. टेबलाच्या टोकाला यजमानाची मोठी खुर्ची. सगळ्याभोवती जाड मखमली दोर. शेवटची मेजवानी इथंच झाली, त्यानंतर कुठलाही साहेब इथं राहिला नाही, असं ती मुलगी सांगत होती.

माझं लक्ष खुर्च्यांकडे गेलं. त्यांच्या पाठी इतक्या बुटक्या की खिडकीच्या कडेलाही पोचत नाहीत. मग रस्त्यावरून दिसतं ते काय, असं विचारणार होते.

पण भिंगरीने दोराला झोके घ्यायला सुरुवात केली. ती मुलगी डोळे वटारायला लागली, लेक शरमेने लाल, माझा गुडघा ठणकत होता. टेबलाची एकच खुर्ची जराशी मागे ओढलेली होती. मी दोर उचलला, पोरीला दंडाला धरून त्या खुर्चीत आदळली आणि म्हटलं, "बस इथं. मी ऊठ म्हणेपर्यंत जागची हललीस तर बघ."

आणि बसली. हात मांडीवर, मान ताठ. मला वाटलं, चला, आयुष्यात एकदा कुणी ऐकलं.

ती मुलगी धावत आली, की तिथं बसायचं नाही. तिला म्हटलं, खुर्ची साखरेची आहे का, विरघळायला. मग पोरीला म्हटलं, ऊठ गं. भिंगरी उठेना. मोठ्या खुर्चीकडे बघत राहिली. शेवटी लेकीने काखेत हात घालून उचललं, तेव्हा खुर्चीही तिच्याबरोबर थोडी उचलली गेली, मग सुटली.

नाटकं नुसती.

८ तारीख, शुक्रवार

आज वही तपासली नाही. पेन्सिल खिशातच होती. म्हटलं, मास्तरीण बाई रजेवर का. नुसती बघत राहिली.

जेवायला ताठ बसली. घास घेईना. आधी मी घेतला, मग तिने घेतला. मी थांबले, ती थांबली. माझं जेवण होऊन मी उठेस्तोवर पाटावरून हलली नाही. लेक खूश. आई, तुझा हात लागला आणि पोरगी सुधारली, म्हणाली. मीही जरा फुशारले, खोटं कशाला बोलू.

पण अंगणात गेली नाही ती. खांब मोकळाच.

९ तारीख, शनिवार

दुपारी भांडी घासून मागे बघते तर पोरगी नाही. विहिरीत बघितलं, झाडावर बघितलं. तिचा बूट मोठ्या बंगल्याच्या मागच्या दारात सापडला.

जेवणघरात होती. त्याच खुर्चीत. हातरुमालाची घडी मोडून मांडीवर पसरलेली. खिडक्यांतून लख्ख ऊन, टेबलावर धूळसुद्धा नाही, आणि एवढ्या मोठ्या खोलीत ही एकटी, बाजूला मान कलवून, जसं शेजारी कुणीतरी काही सांगतंय. मी तोंड सोडलं. तिने बोट ओठावर ठेवलं.

"आजी, हळू बोल. ते अजून जेवतायत."

कोण, म्हटलं. तर म्हणे, सगळे.

मी बखोट धरून ओढली. दोन वेळा ओढावं लागलं. घरी आणून पाठीत धपाटा घातला. रडली नाही. धपाटा घातल्यावर रडत नाही ते पोर मला आवडत नाही.

लेकीला सांगितलं. म्हणाली, बघू.

१० तारीख, रविवार

बंगला उघडला. माणसं लोटली. नवे कपडे, पोरंटोरं, कुंपणाला नाक लावणारे सगळे आज आत. मी भिंगरीचा हात मनगटाशी घट्ट धरून ओट्यावर बसले होते. एकदा गुडघा चोळायला हात सोडला असेल, तेवढ्यात नाहीशी.

गर्दीत घुसून जेवणघर गाठलं. दोरापलीकडे बसली होती. लोक कौतुकाने बघत होते, मेजवानीचाच भाग समजून. एक बाई नवऱ्याला म्हणाली, बाहुली किती हुबेहूब केलीय, पापणी हलत नाही एवढंच.

खरंच हलत नव्हती. मी बघत उभी होते. किती वेळ, ते नाही लिहीत.

दुपार कलली, तेव्हा आपोआप सुटली आणि माझ्या अंगावर कोसळली. हात बर्फ.

११ तारीख, सोमवार

डॉक्टर म्हणाला, अंगात रक्त कमी, वाढतं वय. लाल औषधाची बाटली दिली. दारातली कुंडीही त्याने तशीच तपासली असती. घरचं अन्न ती खात नाही. पोट भरलंय म्हणते.

लेक दुपारी कामावरून आली ती पांढरीफटक. त्या जागेवरचा पेला तिने रोज पुसलेला. आज त्यावर बोटांचे ठसे होते. बारके. आणि पेल्याच्या तळाला काहीतरी लाल, वाळलेलं. आमचं कडाक्याचं वाजलं. तूच तिला तिथं बसवलंस, म्हणाली. साहेबाने पाहिलं तर नोकरीही जाईल आणि डोक्यावरचं छप्परही. मी बोलले ते बोलले. पण बसवली मीच, हे खरं.

जेवणघराला कुलूप घातलंय. किल्ली लेकीच्या कमरेला.

वहीवर लाल खूण नाही. परवाच्या पानावर बोट ठेवून चूक दाखवली तिला. हसली नाही.

१२ तारीख, मंगळवार

दुपारी दुकानातून येताना समोरच्या रस्त्याने आले. पोरगी घरात, लेकीसमोर. कुंपणाशी नेहमीची माणसं. मीही सहज बघितलं.

डोकी ओळीने. पंगतीला बसल्यासारखी. त्यांत एक बुटकं. रिबीन निळी, सकाळी मीच बांधलेली.

भाजीवाला म्हणाला, आज लहान मूलही आहे वाटतं जेवायला.

पळाले. गुडघा कुठं गेला कळलं नाही. लेक घरात शिवत बसली होती. समोर पाट रिकामा. तिला कळलंसुद्धा नव्हतं. कुलूप तसंच होतं, उघडलं, आत ती. मी, लेक, हातमोजे, तिघांनी ओढलं. पोरगी उठत नाही, खुर्ची हलत नाही. जमिनीतून उगवल्यासारखी. आणि हातमोजे हात जोडून कुणाकुणाची माफी मागत होता. आमची नाही.

दुपार सरल्यावर सुटली. घरी निजवली, तर गुडघे सरळ होईनात. निजतानाही बसलेलीच.

मग हातमोज्याला गचांडीला धरून विचारलं. शेवटच्या मेजवानीला यजमान जेवता जेवता खुर्चीतच गेला. डोळे उघडे, काटा हातात. अंगाला हात लावायची कुणाची छाती नाही. तो उठला नाही, म्हणून कुणी उठलं नाही. अन्न गार झालं, तरी बसून.

मग उठले कधी, मी विचारलं.

तो हातमोजे ओढत राहिला. म्हणाला, "उठले असं कुणी सांगत नाही, बाई."

त्या दिवशी एक पाहुणा आला नव्हता. भरतीचाही मिळाला नाही. म्हणून एक खुर्ची ओढलेली असते.

उद्या पहिल्या गाडीने निघायचं. लेकीने ट्रंक ओढली. कपडे भरायला लागली. नोकरी गेली खड्ड्यात.

१३ तारीख, बुधवार

पहिली गाडी गेली. भिंगरीचे पाय दुमडेनात की सुटेनात, अंथरुणावरून उचलेपर्यंत ऊन वर आलं. टॅक्सी फाटकाशी. भिंगरी मागच्या सीटवर आमच्या दोघींच्या मध्ये होती. माझी मांडी तिच्या मांडीला लागलेली. फाटक ओलांडलं —

मांडी गार लागली. बघते तर आमच्या दोघींच्या मध्ये नुसती सीट.

तोच दिवस, दुपार

लेकीला जेवणघराच्या दाराबाहेर ठेवलंय. सांगितलं, पोर बाहेर आली की उचल आणि पळ, मागे बघू नको, माझी वाट बघू नको. ती रडायला लागली. म्हटलं, रडणं गाडीत उरक.

पोरगी त्याच खुर्चीत, आता माझ्याकडे बघतही नाही. गळ्यापर्यंत ताठ. ओठ निळे पडलेत. उद्यापर्यंत टिकायची नाही.

हातमोज्याने सांगितलेलंच करायचं. जागा घेणारा आला तरच उठायचं. कोट नाही माझ्याकडे. लुगडं चालवून घ्यावं लागेल त्यांना.

खांद्यावर हात ठेवला. म्हटलं, ऊठ गं, माझी जागा आहे —

उठली. पहिल्याच शब्दाला. बूट वाजवत पळाली, दारापर्यंत, बाहेर, लेकीचा आवाज ऐकला. पळाली. भिंगरीसारखी.

मी बसलेय.

वही पिशवीतून पुन्हा काढली. तिची लाल पेन्सिल खुर्चीत पडली होती, तिनेच लिहितेय. हात चालतोय अजून. कमरेखाली काही कळत नाही.

आता दिसतात. ओळीने. चांगले कपडे, आणि आत — नको. शेजारची जाड बाई माझ्याकडे कलते. तोंड हलतं, आवाज नाही. अन्नाचा वास आहे, पण तो —

खिडकीतून कुंपण दिसतं. लोक बघतायत. एकाने हात हलवला.

तो टोकाला. काटा हातात. डोळे उघडे.

कोणीच कधी त्याला बोललं नाही. इतकी वर्षं. भिडेखातर. मला कसली भीड. जन्मभर बोललेय, आता हा एक मेला म्हणून गप्प बसू? सांगते आता त्याला. उठा म्हणते. पुरे झालं जेवण, माणसांना घरं आहेत —

सांगितलं.

उठला.

बाकी कुणी उठत नाही. सगळे माझ्याकडे बघतायत. तो इकडे येतोय. भिंतीला धरून, सावकाश, पाय आखडलेले. हसतोय. इतका सुटल्यासारखा हसतोय — खांद्यावर हात ठेवला. त्याच्या खुर्चीकडे दाखवतोय. ती रिकामी आहे ना —

नाही म्हटलं. पाय उठले. मी उठवले नाहीत, आपले आपणच उठले. चालतेय. वही धरून चालतेय.

मोठ्या खुर्चीत. इथून सगळं टेबल दिसतं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या, फक्त माझी मघाची —

जराशी मागे ओढलेली.

बाहेर बूट वाजतायत. ओळखते मी ते. लेकीच्या हातून सुटली. पेन्सिल राहिली म्हणून आली असेल.

भिंगरे, राहू दे ती पेन्सिल. आत येऊ नको. तोंड उघडत नाही माझं, लिहितेय, तुला वाचता येतं ना, दारातूनच वाच. मी बस म्हटलं होतं ते विसर. खुर्चीला हात लावू नको. नाच, पळ, गोल गोल फिर, उभी राहा, पोरी, उभी —